बी.कॉम. तर इथंही होते

रुचिता रामटेकेला ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातून विद्यापीठाचं पत्र आलं, त्या दिवशी तिच्या वडिलांनी घरी पोचायच्या आधीच अर्ध्या कॉलनीला पेढे वाटून टाकले होते. पत्र मोबाईलवर आलं दुपारी तीनला. गुलाबराव रामटेके तेव्हा रायपूरला रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात एका मालडब्याखाली वाकून चाक तपासत होते. मुलीचा फोन येताच ते तसेच बाहेर आले, हात पुसले, साहेबांची परवानगी काढली आणि थेट मिठाईच्या दुकानात गेले. संध्याकाळी रुचिता दूध आणायला खाली उतरली, तर चौकातल्या बायका तिला "का वं ऑस्ट्रेलिया!" अशी हाक मारायला लागल्या होत्या.

गंमत अशी होती, की रुचिताने अजून हो म्हटलेलंच नव्हतं.

बारावी कॉमर्सला तिला चौऱ्याण्णव टक्के पडले होते. तिच्या वर्गातल्या चार-पाच जणांनी शंकर नगरमधल्या एका कन्सल्टन्सीत नाव घातलं, म्हणून तिनेही घातलं. तिथल्या गंधाली मॅडमनी भराभर कागद भरून घेतले, इंग्रजीची परीक्षा द्यायला लावली, आणि महिन्याभरात हे पत्र आलं. बॅचलर ऑफ कॉमर्स, तीन वर्षं, निम्मी फी माफ. उरलेल्या निम्म्याचं गुलाबरावांनी स्वतःवर घेतलं होतं, आणि त्या विषयावर घरात कोणी तोंड उघडायचं नाही असा हुकूमही काढला होता. आता फक्त तीस जूनपर्यंत येणार की नाही ते कळवायचं होतं.

रात्रीच्या जेवणाला गुलाबरावांनी मोबाईलवर पर्थचा नकाशा उघडून ताटाशेजारी ठेवला होता. रुचिताच्या आईने, कलावतीने, वरण वाढता वाढता त्याच्याकडे एकदा पाहिलं. ती कलेक्टोरेटात आवक-जावक विभागात कारकून. बावीस वर्षं लोकांचे अर्ज वाचून तिला एक सवय लागली होती. अर्जात कारण लिहिलेलं नसलं की ती तो पुढे सरकवत नसे.

"बी.कॉम. तर इथंही होते," ती म्हणाली. "स्कूटीनं दहा मिनिटांवर कॉलेज हाय. मंग त्याच्यासाठी समुद्र काहून ओलांडून राहिली तू?"

"अवं, तिथलं बी.कॉम. वेगळं असते," गुलाबराव म्हणाले.

"काय वेगळं असते?"

"वेगळं म्हणजे... इंटरनॅशनल असते."

"मी तुमाले नाही विचारलं. पोट्टीले विचारलं."

रुचिताने तोंडात घास कोंबला, म्हणजे लगेच बोलावं लागणार नाही. जायची भीती तिला वाटत नव्हती. विमान, नवं शहर, नवी माणसं, या सगळ्याने ती हरखून गेली होती. पण हरखून जाणं हे काही कारण नव्हे, हे तिलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती गंधाली मॅडमकडे गेली. व्हिसाच्या अर्जात नेमका आईचाच प्रश्न होता, फक्त इंग्रजीत: हाच अभ्यासक्रम का, आणि तो ऑस्ट्रेलियातच का? दीडशे शब्दांत लिहा.

"टेन्शन नहीं लेने का," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी एक छापील कागद पुढे केला. "ये सैंपल है. नाम बदल देना, बस."

रुचिताने तो वाचला. त्यात लिहिलं होतं, की तिला लहानपणापासून जागतिक व्यापाराची ओढ आहे आणि तिचे वडील यशस्वी उद्योजक आहेत. मालडब्याखालून ग्रीसने माखून निघणारे बाबा तिच्या डोळ्यांपुढे आले आणि ती तिथेच खुदकन हसली. मॅडमना वाटलं, पोरीला सँपल आवडलं.

घरी तो कागद कलावतीने वाचला. ती हसली नाही. घडी करून तो तिने टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "वासनिकांच्या लोकेशले विचार जाऊन. तो जाऊन आलेला मानूस हाय. जाहिरात नाही."

लोकेश वासनिक हा कॉलनीत चर्चेचा विषय होता. त्याचे वडील गुलाबरावांसोबत कामाला होते. तोही ऑस्ट्रेलियातच, ॲडलेडला बी.कॉम. करून आला होता, आणि आता सत्तावीस वर्षांचा होऊन शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीत, लोखंडी सळ्या बनवणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये माल रवाना करायचं काम पाहत होता. लोक म्हणत, एवढा शिकून आला आणि शेवटी उरल्याची धूळच खाऊन राहिला. रुचितालाही वाटे, याचं काहीतरी बिनसलं असणार.

रविवारची वाट न पाहता गुलाबरावांनी दुसऱ्याच दिवशी तिला सकाळी कामावर जायच्या आधी स्कूटरवर उरल्याला सोडलं. जून महिना, नऊ वाजताच ऊन चटके देत होतं. मिलच्या फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागलेली. एक, दोन, तीन करत ती मोजत गेली. एकोणीस ट्रक. ड्रायव्हर सावलीसाठी आपापल्या गाडीखाली आडवे झालेले.

लोकेश हसरा, उंच, धुळीने भुवया पांढऱ्या झालेला. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"जाऊ की नको जाऊ, ते मी नाही सांगनार," तो म्हणाला. "मेरा जवाब तेरे काम का नहीं है. पन तिथं पयल्या महिन्यात आमाले एक काम दिलं होतं. कुठं तरी जाऊन बसायचं, लोक कायची वाट पाहतात ते पाहायचं आन् लिहायचं. मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसलो होतो. ते काम आवडलं, तवा मले समजलं आपन काय शिकून राहिलो. तू इथं बस. पंधरा दिवस. ये बाहर की लाइन देखी ना? ती काहून लागते, मले सांग."

"तुमाले माहीत नाही?"

"मले तीन कारनं माहीत हाय. तिन्ही खोटी निघाली," तो खळखळून हसत म्हणाला.

असं रुचिताचं उरल्याला जाणं सुरू झालं. बसायला जागा मिळाली वजनकाट्याच्या खोलीत. तिथे रामकृष्ण काका असत. मूळचे भंडाऱ्याचे, चौदा वर्षं काट्यावर, खिडकीत बसून चष्म्याच्या वरून ट्रककडे पाहणारे. रिकामा ट्रक आत आला की काट्यावर चढे, वजन होई, मग तो सळ्या भरायला जाई, भरून परत काट्यावर येई, पुन्हा वजन होई, चिठ्ठी मिळे, आणि मग बाहेर. एवढंच. रुचिताने शाळेतली उरलेली वही काढली आणि प्रत्येक ट्रकची वेळ लिहायला लागली.

पहिले दोन दिवस ती फक्त घामाने भिजली. ड्रायव्हर म्हणत, काटा हळू आहे. काका म्हणत, भरणारे हळू आहेत. भरणारे म्हणत, ड्रायव्हर ऐकत नाहीत. तिसऱ्या दिवशी तिने वहीतले आकडे एकाखाली एक मांडले, आणि तिला दिसलं की तिघंही आपापल्या जागी ठीक काम करत होते. भरलेला ट्रक काट्यावर तीन मिनिटांत मोजून होत होता. पण तो उतरल्यावर दुसरा चढेपर्यंत कधी पंधरा मिनिटं जात, कधी पंचवीस.

"काका, मधात हे काय होऊन राहिलं?"

"काय होनार? पुढचा हलत नाही, मंग मागचा कसा चढंल?"

ती उन्हात उतरली आणि खोलीच्या मागे गेली. काट्यावरून फाटकाकडे जाणारा रस्ता एकाच गाडीपुरता होता. त्या रस्त्यावर मधोमध एक ट्रक उभा, आणि ड्रायव्हर आणि क्लीनर सळ्यांवर तिरपाल, म्हणजे ताडपत्री, ओढून दोऱ्या बांधत होते. शांतपणे, घाई न करता. त्यांच्यामागे काट्यावर मोजून झालेला ट्रक अडकलेला, त्याच्यामागे आणखी तीन, आणि तीच रांग पार फाटकाबाहेर गेलेली.

रुचिता धावत लोकेशकडे गेली. सापडलं! तिच्या सांगण्यावरून दुसऱ्याच दिवशी तिथे लाल अक्षरांची पाटी लागली: यहाँ तिरपाल बाँधना मना है. घरी गुलाबरावांनी त्या पाटीचा फोटो कारखान्यातल्या सगळ्यांना पाठवला.

पाटीचा उपयोग एवढाच झाला, की एका ड्रायव्हरला गमछा वाळत घालायला जागा मिळाली. तिरपाल तिथेच बांधलं जात राहिलं. दुसऱ्या दिवशी मिलच्या एका माणसाने ड्रायव्हरांना दटावलं, त्यावरून शब्दाला शब्द वाढला, आणि त्या दिवशी बाहेरची रांग चोवीस ट्रकांवर गेली. रामकृष्ण काका नुसते चष्म्याच्या वरून पाहत राहिले. रुचिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी परतताना गुलाबरावांनी वाटेतल्या भनपुरीच्या चौकात उसाच्या रसाच्या गाडीपाशी स्कूटर थांबवली.

"मी नाही जाऊन राहिली उद्यापासून," ती म्हणाली. "माह्यामुळं भांडनं लागली."

गुलाबरावांनी रसाचा ग्लास तिच्या हातात दिला. "बेटा, वॅगनचं चाक गरम होते कधी कधी. लाल होते. नवा पोट्टा असला की तो चाकालेच शिव्या देते. मी तीस वर्षांत एक शिकलो. चाक हौसेनं गरम नाही होत. आत बेअरिंग पाहा लागते."

"म्हणजे?"

"म्हणजे तू त्या ड्रायव्हरायले सांगितलं, पन विचारलं का?"

नव्हतं विचारलं. पाच दिवस तिने वेळा लिहिल्या होत्या, पण ट्रक चालवणाऱ्या एकाही माणसाला तिने साधं विचारलं नव्हतं, की भैया, तुम्ही इथेच का बांधता?

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. त्या जागी बिसाहू नावाचा एक ड्रायव्हर तिरपालाची घडी उलगडत होता. पन्नाशीचा, दुर्गकडचा. पाटी लावणारी पोरगी आलेली पाहून त्याने हात थांबवले.

"भैया, डाँटने नहीं आई हूँ," रुचिता म्हणाली. "बस ये पूछना है, यहीं क्यों बाँधते हो?"

बिसाहूने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने दिवस का उगवतो असं विचारलं होतं. मग त्याने वर बोट दाखवलं. "छइहाँ तो इहेंच हे, नोनी."

सावली तर इथंच आहे, पोरी, असं तो छत्तीसगढीत म्हणत होता. तिने वर पाहिलं. मिलच्या त्या सगळ्या आवारात एकच झाड होतं, भिंतीपलीकडून आत झुकलेलं मोठं कडुनिंब, आणि त्याची सावली बरोबर त्या रस्त्यावर पडत होती. बिसाहू तिला दहा पावलं पुढे घेऊन गेला, जिथे एक रिकामा ट्रक उन्हात उभा होता. "हाथ लगा के देख." ट्रकच्या बाजूला दोरी अडकवायचे लोखंडी आकडे होते. तिने एका आकड्याला हात लावला आणि किंचाळून मागे घेतला. बोटाला चर्रकन चटका बसला होता.

"अइसन बीस ठन आँकड़ा हे," बिसाहू म्हणाला. "दोनों कोती." दोन्ही बाजूंना मिळून असे वीस.

तिने बोट तोंडात घातलं आणि ती हसायलाच लागली. बिसाहूही हसला. पाटीवर वाळत घातलेला तो गमछा आज त्याच्याच खांद्यावर होता, हे तिला तेव्हा दिसलं.

लोकेशकडे जाताना या वेळी ती धावली नाही. सावकाश चालत, आवार न्याहाळत गेली. जुन्या भंगाराच्या पलीकडे एक मोकळी जागा होती, तीन ट्रक सहज राहतील एवढी, आणि तिथून फाटकाकडे जायला वेगळी वाट होती. फक्त तिथे सावली नव्हती. लोकेशने तिचं ऐकलं, फाटकाकडे पाहिलं, मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

आठवडाभरात तिथे लोखंडी खांब उभे राहिले आणि वर हिरवी जाळी ताणली गेली. खाली पाण्याचे दोन माठ. कुणालाही काही सांगावं लागलं नाही. पहिला ट्रक काट्यावरून उतरला, ड्रायव्हरने मान वळवून हिरव्या सावलीकडे पाहिलं आणि गाडी आपणच तिकडे घातली. दुसरा त्याच्या मागे गेला. तिसरा गेला. त्या दिवशी दुपारी चार वाजता रामकृष्ण काकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, तर काट्यावर कोणी नव्हतं आणि फाटकाबाहेरही कोणी नव्हतं.

"आता मी काय करू?" त्यांनी गोंधळून विचारलं.

"चहा प्या काका," रुचिता म्हणाली.

ते चहा प्यायले. चौदा वर्षांत काट्यावर बसून पहिल्यांदा गरम चहा प्यायलो, असं ते संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. लाल पाटी त्यांनी स्वतः उचकटून काढली. बिसाहू निघताना फाटकाशी थांबला आणि खिडकीतून मोठ्याने ओरडला, "नोनी, आज बेरा बुड़े के पहिली घर!" रुचिताला पहिले काही शब्द नीट कळले नाहीत, काकांनी सांगितलं, आज दिवस मावळायच्या आत घरी पोचतो म्हणतो. ती उड्या मारायचीच बाकी होती.

तेरावा दिवस होता तो. चौदाव्या दिवशी मिलचे व्यवस्थापक भार्गव साहेब तिला बोलावून म्हणाले, "बेटा, सकाळी कॉलेज कर, दुपारी इथं ये. तुझ्यासाठी टेबल लावतो. शिकशील ते इथंच."

हे तिने घरी सांगितलं, तेव्हा गुलाबरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आनंद तर झाला होता, पण तो अर्ध्यातच अडकला. "म्हणजे आता... इथंच?" त्यांनी विचारलं. कलावती भाजी फोडणीला टाकताना गुणगुणत होती, आणि ती फार क्वचित गुणगुणत असे.

रुचिता मात्र आता खरोखर पेचात पडली. आधी प्रश्न एकाच बाजूने होता, जायचं का? आता दोन्हीकडे काहीतरी खरं होतं. शेवटच्या दिवशी ती लोकेशजवळ जाऊन बसली. त्याच्या संगणकावर एक मोठं कोष्टक उघडं होतं. पुढच्या आठवड्यात कोणत्या वाहतूकदाराच्या किती गाड्या किती वाजता बोलवायच्या, विशाखापट्टणमच्या बंदरात जहाज कधी लागणार, माल तिथे आधी पोचला तर काय आणि उशिरा पोचला तर काय. ती पाहत राहिली. अंक कळत होते, पण ते एकमेकांना कुठे धरून आहेत ते कळत नव्हतं.

"हे तुमी कसं करता?"

"ये सेकंड इयर में सीखा. दोनदा डोक्यावरून गेलं, तिसऱ्या वेळी समजलं."

"इथं नाही शिकवत?"

"इथंही शिकता येते. झूठ नहीं बोलूँगा," लोकेश म्हणाला. "पन माह्यं सांगतो. पयल्या सेमिस्टरले मी स्टॅटिस्टिक्समध्ये फेल झालो होतो. चार महिने घरी नाही सांगितलं. पन वर्गात मले कोनी ओळखत नव्हतं. हा वासनिकांचा पोट्टा, हा पयल्या नंबरचा, असं कोनी नव्हतं म्हनत. मंग मी हात वर करून सगळ्यात बावळट प्रश्न विचारायला लागलो. इकडं मी बारा वर्षांत एकदाही हात वर नव्हता केला."

"मंग परत काहून आले?"

"अरे, तिकडं लाइनच नाही लागत ना कुठं! मी काय करनार तिथं बसून?" तो म्हणाला, आणि दोघंही इतकं हसले की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून पाहायला लागले. मग तो जरा थांबून म्हणाला, "मले हेच काम करायचं होतं. लोकांले वाटते मी हरून आलो. मी रोज सकाळी खुशीत येतो, हे त्यांले कसं दाखवू?"

रुचिताने त्याच्या पांढऱ्या भुवयांकडे पाहिलं. हा माणूस खुशीत आहे हे दाखवायची काही गरज नव्हती. पंधरा दिवस तिला ते दिसत होतं.

त्या आठवड्यात तिने स्वतःलाच दोन्ही बाजूंनी विचारून पाहिलं. हात वर न केलेली वर्षं तिचीही बाराच होती. रायपुरात तिला चुकायला जागाच नव्हती. चौऱ्याण्णव टक्केवाली, रामटेकेंची, आता तर कॉलनीची ऑस्ट्रेलिया. पाटी लावून ती एकदा चुकली होती, आणि त्या चुकण्यातूनच तिला सगळ्यांत जास्त कळलं होतं. शिवाय ते कोष्टक. उरल्याच्या फाटकातून सुटलेला ट्रक पुढे कुठे जातो, ते तिला पाहायचं होतं. पर्थच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षी बंदरावर काम करायला पाठवत होते. रुचिताने आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता, जहाज तर दूरच.

सत्तावीस जूनला सकाळी कलावती ऑफिसला निघायच्या आधी केस विंचरत होती. रुचिता दारात येऊन उभी राहिली.

"आई, तू विचारलं होतं ना, काहून जातेस."

कलावतीने कंगवा थांबवला.

रुचिताने सांगितलं. झाडाचं, पाटीचं, आकड्याला हात लावल्याचं, न कळलेल्या कोष्टकाचं, हात वर करायचं. मध्येच अडखळली, पुन्हा सुरू केलं. "इथं मले एक झाड समजलं, आई. पुढचा रस्ता नाही समजला. तो शिकायचा आहे. आन् जिथं मले कोनी ओळखत नाही तिथं शिकायचा आहे. परत यीन का नाही, ते आता नाही सांगू शकत."

कलावतीने तिला आपल्याजवळ बसवलं आणि सवयीनं तिच्याच केसांतून कंगवा फिरवायला लागली.

"परत येशील का नाही, ते मी विचारलंच नाही तुले," ती म्हणाली. "कारन विचारलं होतं. हे कारन टिकते. हा अर्ज माह्या टेबलावर आला असता, तर मी परत नसता पाठवला." मग आतल्या खोलीकडे पाहून ती मोठ्याने म्हणाली, "या आता बाहेर! किती वेळ दाराआड उभे राहनार?"

गुलाबराव बाहेर आले. अंगात एक बाही घातलेला शर्ट, दुसरी लोंबकळत असलेली, आणि डोळे भरलेले. त्यांनी मुलीला त्या एका बाहीतच मिठीत घेतलं.

दुपारी ती शंकर नगरला गेली, विद्यापीठाला होकार कळवला आणि स्वतः लिहिलेले दीडशे शब्द तिने गंधाली मॅडमपुढे ठेवले. मॅडमनी ते वाचले. पुन्हा वाचले. "ये नीम का पेड़ भी रखना है?" त्यांनी विचारलं.

"हव," रुचिता म्हणाली.

विद्यापीठाची ऑनलाइन मुलाखत जुलैत झाली. पडद्यावरच्या पिकल्या केसांच्या बाईंनी दहा मिनिटं ठरलेले प्रश्न विचारले, आणि पुढची वीस मिनिटं त्या ट्रकांबद्दलच विचारत राहिल्या. जाळी किती उंचीवर बांधली? हिवाळ्यात ड्रायव्हर पुन्हा झाडाखाली जातील का? रुचिताला याचं उत्तर माहीत नव्हतं. ती म्हणाली, मला माहीत नाही, पण हिवाळ्यात जाऊन पाहीन. बाई मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, मलाही कळवा. स्वयंपाकघरात श्वास रोखून बसलेल्या गुलाबरावांना इंग्रजी सगळं कळलं नाही, पण हसणं कळलं.

दिवाळीनंतर व्हिसा आला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघायचं ठरलं. तोवर रुचिता आठवड्यातून दोन दिवस उरल्याला जात राहिली, रामकृष्ण काकांच्या खोलीत बसून ते कोष्टक समजून घ्यायचा प्रयत्न करत राहिली. थोडंफार समजायलाही लागलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, सामान बांधून झाल्यावर, कलावतीनेच सुचवलं, तेलीबांधाला जाऊ. तिघं एका स्कूटरवर बसून तलावावर गेले. हवेत अजून गारवा होता, पाण्यावर दिवे उतरले होते, लोक काठाने फिरत होते. गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाडीपाशी गुलाबराव म्हणाले, आज हिशेब नाही, जो थांबेल तो हरला. रुचिता अकरावर थांबली. गुलाबराव सतराव्याला ठसकले आणि डोळे पुसत बाजूला झाले. कलावती पदर खोचून उभी राहिली होती. एकविसावं गुपचुप तिने तोंडात घातलं, आणि गाडीवाल्याला हातानेच खूण केली, अजून दे. त्या हातवाऱ्यावर रुचिताला इतकं हसू आलं, की तिला तलावाच्या कठड्यावर बसावं लागलं. तिचं पाहून गुलाबराव हसायला लागले. कलावतीलाही मग हसू आवरेना, आणि तोंड भरलेलं असल्यामुळे तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. गाडीवाला पुढचं गुपचुप हातात धरून, ही माणसं कधी थांबतात याची वाट पाहत उभा राहिला.